सत्तेचाळीस नंबरचा चौकोन

शैलजाताई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बरण्या धूत होतो. प्राणिशास्त्राच्या परीक्षा संपल्या की बेडकांच्या आणि सापांच्या जुन्या बरण्या पुसून मांडायच्या, हे माझं दरवर्षीचं काम. ओल्या हातानं फोन उचलला. त्यांची भाची मुक्ता बोलत होती. ती आठ दिवसांपासून पुण्याहून येऊन छावणी भागातल्या त्यांच्या घरी राहिली होती. "भागवतदादा, आत्या गेली. सकाळी चहा मागितला, मी आणेपर्यंत..." मी "आलोच" म्हणालो आणि हातातली बरणी जागेवर ठेवली. आता खरं लिहायचं ठरवूनच बसलोय, तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. मला आधी रडू आलं नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता मला ती गोष्ट कुणी विचारणार नाही, असं मनात आलं. पण रिक्षा लोखंडी पुलापर्यंत पोचायच्या आतच ध्यानात आलं, की विचारणारी गेली म्हणजे सांगायची जागाही गेली. तेव्हापासून आज दोन महिने होत आले, मी तिथंच अडकून पडलोय.

ताईंची आणि माझी ओळख दहा-एक वर्षांची. त्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापक. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे काय, संगणकासमोर बसल्या होत्या. एके दिवशी आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बुटकी मूर्ती, खांद्याला कापडी पिशवी, चष्मा कपाळावर. आमच्या विभागप्रमुखांना म्हणाल्या, "मला हुशार माणूस नको. हुशारी माझ्याकडं आहे. मला चालणारा माणूस पाहिजे." सरांनी हसत माझ्याकडं बोट केलं. मी पैठणकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, प्रयोगशाळेत सहायक. शिक्षण बेताचं, पण पाखरू आवाजावरून सांगायचो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, विशेष करून खाली. "चपला बदला," म्हणाल्या, "रविवारी सकाळी सहाला."

त्यांचं काम काय होतं ते मला समजायला दोन-तीन रविवार गेले. जिल्ह्याच्या नकाशावर त्यांनी चौकोनांची जाळी टाकली होती. प्रत्येक चौकोनात गवत किती, पाणी किती लांब, रस्ता किती जवळ, माणसांचे दिवे किती, असं सगळं संगणकात भरलेलं. मग कुणीतरी पायी जाऊन पाहायचं, की तिथं खोकड दिसतं का, धाविक दिसतो का. खोकड म्हणजे आपल्या माळावरचा छोटा कोल्हा, आणि धाविक हा उघड्या जमिनीवर अंडी घालणारा पक्षी. थोडे चौकोन पाहून झाले, की न पाहिलेल्यांचा अंदाज संगणक बांधतो. शिवाय कुठला चौकोन राखला तर जनावरांची ये-जा चालू राहील आणि कुठला गेला तर तुटेल, हेही सांगतो. ताई ह्याला मॉडेल म्हणत. मला कळेना तेव्हा त्यांनी गच्चीवर खडूनं ठिकरीचे चौकोन आखले आणि साठीच्या बाईनं पदर खोचून लंगडी घालून दाखवली. "ह्या घरातून त्या घरात उडी. मधलं एक घर पुसलं की उडी पुरत नाही. खोकडाचंही तसंच. दोन्हीकडं माळ आहे, पण मधला गेला तर इकडचं इकडं आणि तिकडचं तिकडं अडकतं." खालचे शेजारी वर डोकावून गेले. ताईंना त्याचं काही नव्हतं.

कामाच्या बाबतीत मात्र त्या फार कडक. प्रत्येक चौकोनाचं एक जाड पिवळट कार्ड. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन रकाने. जाऊन तासभर बसायचं, दिसेल ते लिहायचं. काहीच दिसलं नाही तर शून्य. जाणंच झालं नाही तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ ह्यांत गल्लत झालेली त्यांना खपायची नाही. "रेघ म्हणजे मला माहीत नाही. शून्य म्हणजे मला माहीत आहे, की नाही. शून्य कमवावं लागतं, भागवत. तासभर उन्हात बसून." ऐकीव माहिती चालायची नाही, पेन्सिल चालायची नाही, आणि प्रत्येक नोंदीला तारीख पाहिजे. तारखेचं तर त्यांना वेडच होतं. चहापत्तीच्या डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, लोणच्याच्या बरणीवर, सगळीकडं चिकटपट्टी आणि तीवर तारीख. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, "ताई, माझ्यावरबी टाका एक." तर खरंच शर्टाच्या खिशाला चिकटपट्टी लावली आणि आमच्या पहिल्या रविवारची तारीख लिहिली. त्यांच्या लक्षात होती.

तर सत्तेचाळीस नंबरचा चौकोन. पैठणच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत एक माळ आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीनं चपला काढून घेतल्या, जाता आलं नाही. मी इमानदारीत रेघ मारली. हिवाळ्यात सकाळी गेलो, तासभर बसलो, काही दिसलं नाही. ते शून्यही खरं. तिथं सोजरबाई नावाची एक म्हातारी मेंढरं घेऊन असायची. मी गवतात नुसताच बसलेला पाहून जवळ आली.

"काय हुडकतोस रं बाप्पा?"

"खोकड, मावशी. हाय का हितं?"

"हाय की! पर सकाळचं कामून बसलास? दिस बुडायला ये. रोज येतंय, त्या बोरीपासून ह्या बांधापस्तोर. माझ्या कुत्र्यालाबी भीत नाय, लई द्वाड हाय."

ताईंना हे सांगितलं तर त्या खूश झाल्या, पण कार्डावर लिहू देईनात. "सोजरबाईंनी पाहिलं, तू नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी जा आणि स्वतः पाहून ये."

उन्हाळ्यात माझ्या मावसभावाचं लग्न त्याच शिवारात निघालं. माळ तिथून चालत अर्ध्या तासावर. मी म्हटलं, बरंच झालं, लग्नही होईल आणि चौकोनही होईल. कार्ड खिशात घालून गेलो. पण आमच्याकडची लग्नं... मुहूर्त दुपारचा, नवरदेव पारावरून निघेना, वरातीपुढं नाचणारे थांबेनात. अक्षता पडल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यात मावशीनं हाताला धरून पंगतीत वाढायला उभं केलं. मी बुंदी वाढत होतो आणि मांडवाच्या कनातीच्या फटीतून सूर्य खाली जाताना बघत होतो. शेवटची पंगत उठेपर्यंत माळावर जाण्यात अर्थ राहिला नव्हता. कार्डं दुसऱ्या दिवशी ताईंना द्यायची होती, कारण जिल्ह्यातले कुठले माळ राखायचे ते ठरवणाऱ्या समितीला नकाशा द्यायची तारीख आली होती. रेघ मारली तर ताई विचारणार, आणि लग्नात वाढत होतो म्हणून गेलो नाही असं सांगायची मला लाज वाटली. पाण्याच्या टाकीशेजारी खुर्चीवर बसलो, खिशातून कार्ड काढलं आणि उन्हाळ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. तारीख टाकली, सही केली. आज विचार करतो तेव्हा त्याहून वाईट वाटतं ते ह्याचं, की मला त्यात खोटं असं काही वाटलंच नव्हतं. न पाहिलेलं जनावर लिहिणं म्हणजे खोटं, असं मी समजत होतो. शून्यानं कुणाचं काय बिघडतंय, उलट आपण कमीच सांगतोय, अशी माझी समजूत.

दोन दिवसांनी ताईंनी बोलावून घेतलं. त्या संगणकासमोर, आणि हातात माझं कार्ड.

"भागवत, सत्तेचाळीसचं काही जमत नाही. मॉडेल म्हणतंय इथं खोकड असायलाच पाहिजे. गवत आहे, वस्ती लांब आहे, आजूबाजूच्या चौकोनांत तूच पाहिलंयस. आणि इथं तुझी दोन शून्यं. संध्याकाळी गेला होतास ना?"

त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं. मला वाटलं, आत्ता सांगावं. तोंडात आलंही होतं. पण त्या माझ्याकडं संशयानं बघत नव्हत्या, काळजीनं बघत होत्या, म्हणून तर जास्तच अवघड झालं.

"व्हय ताई. तासभर बसलो."

त्यांनी कार्ड खाली ठेवलं. मग चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाल्या, "मग चालणाऱ्याचं खरं. यंत्र काही माळावर जात नाही." आणि माझ्यासमोर त्यांनी सत्तेचाळीसला शून्य भरलं. पडद्यावर तो चौकोन फिका पडला.

समितीला नकाशा पसंत पडला. हिरवे चौकोन राखायचे आणि फिके कामांना द्यायचे, असं ठरलं. ह्या नकाशानं पुष्कळ भलं केलं, हेही इथं लिहायला पाहिजे. खाणीसाठी मागितलेले दोन माळ वाचले. एका ठिकाणी प्लॉट पडणार होते, ते थांबले. ताईंचा सत्कार झाला, त्यांनी मलाही स्टेजवर ओढलं आणि माइकवर सांगितलं, "हा नकाशा भागवतच्या पायांनी काढलाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत उभा राहिलो, आणि लोकांना तो विनय वाटला.

सत्तेचाळीसवर सौरऊर्जेच्या काचा आल्या आणि भोवती उंच तारेची जाळी, खाली सिमेंटचा कट्टा. एके दिवशी सोजरबाईचा निरोप आला म्हणून गेलो. ती जाळीच्या बाहेर मेंढरं थोपवून उभी होती. तिनं काठीनं आत दाखवलं. काचांच्या रांगांमधून एक खोकड जाळीच्या कडेनं पळत होतं. कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, पुन्हा ह्या कोपऱ्यापर्यंत यायचं. जीभ बाहेर, शेपटी खाली.

"दोन दिस झालं, आसंच पळतंय. आत ऱ्हायलं ते," सोजरबाई म्हणाली. "तू त्या सालाला बसला व्हतास की हितं. तवाच म्या सांगितलं व्हतं, हाय म्हणून. लिव्हलं नाय का?"

"ऐकलेलं लिहीत नाहीत, मावशी."

"मग दिस बुडायला यायचं व्हतं," ती म्हणाली. तिनं हे रागानं म्हटलं नाही. मेंढरांना हाक घालता घालता म्हटलं.

आम्ही दोघांनी फाटकावरच्या माणसाला विनवलं. त्यानं फाटक उघडं ठेवलं, आम्ही लांबून आवाज केले, पण ते घाबरून आणखी आत गेलं. तिसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं, असं सोजरबाईनं फोनवर सांगितलं. निघालं, की काय झालं, तिला माहीत नव्हतं. मलाही नाही. मी ताईंना ह्यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर ताईंची फुफ्फुसं दमत गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याची नळी खाटेपासून खिडकीपर्यंत पुरायची, संगणकापर्यंत पुरायची, जिन्यापर्यंत मात्र नाही. वरच्या मजल्यावरचं घर. त्या जिना उतरल्या त्या फक्त दवाखान्यासाठी. जिल्हाभर जनावरांना वाट मोकळी ठेवायची गणितं मांडणारी बाई त्या एका खोलीत अडकली. "माझा चौकोन एवढाच आता," म्हणायच्या, "आणि शेजारचा एकही हिरवा नाही." आणि हसायला लागल्या की खोकला यायचा. मी दर रविवारी जायचो. भाजी आणायचो, मशीनचं पाणी बदलायचो आणि समोरच्या खुर्चीवर बसायचो. तीनदा ठरवून गेलो होतो, की आज सांगायचंच. एकदा त्यांना धाप लागली. एकदा मुक्ताचा फोन आला. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही, काही झालं नाही, खोलीत आम्ही दोघंच आणि मशीनची घरघर. मी म्हणालो, "ताई, त्या सत्तेचाळीसचं..."

त्यांनी हात वर केला. खिडकीकडं बघत, एकेक शब्द तोडून बोलल्या. "तो नकाशा आता आपला राहिला नाही, भागवत. त्यातला एक चौकोन चुकला असं मी म्हटलं ना, तर ज्यांना बाकीचे नको आहेत ते उद्या सकाळी दारात उभे राहतील. म्हणतील, हाही चुकला असेल, तोही चुकला असेल. मी कुणाला काय दाखवू?" मग म्हणाल्या, "चहा टाक. दोघांना."

मी चहा टाकला. मला त्या दिवशी वाटलं, आजारी माणूस आहे, काहीतरी मनातलं बोलल्या. त्यांना काही माहीत असेल असं माझ्या मनालाही शिवलं नाही. शिवलं असेल तर मी ते शिवू दिलं नाही.

पंधरा दिवसांमागं मुक्ताचा फोन आला, "दादा, आत्याच्या कागदांचं काय करायचं ते तुम्हीच बघा, मला काही कळत नाही." गेलो. मशीन परत गेलं होतं, त्याची चौकोनी खूण फरशीवर होती. कपाटात कार्डांचा गठ्ठा सुतळीनं बांधलेला, नंबरवार. मला दुसरं काही बघायचं नव्हतं. सुतळी सोडली आणि सत्तेचाळीस काढलं. पावसाळ्याची रेघ, हिवाळ्याचं शून्य, उन्हाळ्याचं शून्य. त्या शेवटच्या शून्याशेजारी एक छोटी आडवी रेघ होती... पेन्सिलीची. पेन्सिल चालत नाही म्हणणाऱ्या बाईची. आणि कार्डाच्या कोपऱ्यात चिकटपट्टीखाली तांदळाचा एक दाणा, हळदीत रंगवलेला. अक्षत. माझ्या खिशात पडली असणार, कार्डाला लागून आली असणार. लग्नाच्या हंगामात, त्या तारखेला, त्या सहीसोबत. ताईंना त्यावरून उमगायला संगणक लागला नसेल.

मी चिकटपट्टीवर तारीख शोधली. कार्ड उजेडात धरून शोधली, मागं शोधली. तारीख नव्हती. लोणच्याच्या बरणीवर तारीख टाकणाऱ्या बाईनं इथं टाकली नव्हती. म्हणजे त्यांना हा दाणा कधी दिसला ते मला कधीच कळणार नाही. कार्ड उलटंसुलटं करत "गेला होतास ना?" विचारलं, तेव्हाच तो त्यांच्या बोटांना लागला होता का? लागला असेल, तर मला वाचवायला त्यांनी "चालणाऱ्याचं खरं" म्हटलं, की समितीच्या तारखेसाठी म्हटलं, की मी स्वतःहून बोलेन म्हणून वाट पाहत म्हटलं? की जाळी उभी राहिल्यावर, उशिरा कधीतरी, जुनी कार्डं चाळताना दिसला? मग इतके रविवार आम्ही दोघं त्या खोलीत समोरासमोर बसलो, ते काय करत होतो? मी लपवत होतो आणि त्या मला लपवू देत होत्या? मला त्यांचा राग आला. हो, राग आला. एकदा झापायचं होतं मला. मी रडलो असतो, पाया पडलो असतो, मोकळा झालो असतो. त्यांनी मला मोकळं केलं नाही, आणि स्वतःही झाल्या नाहीत.

मुक्तानं विचारलं, "काय झालं, दादा?" मी म्हणालो, "काय नाय, तुझ्या आत्याचं अक्षर." कार्ड परत ठेवताना त्याच्या मागं आणखी एक कार्ड सापडलं. नवं, कोरं. वर नंबर सत्तेचाळीस. निरीक्षकाच्या जागी माझं नाव त्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या थरथरत्या अक्षरात. तिन्ही रकाने रिकामे. ते मात्र मी मुक्ताला विचारून घरी आणलं.

मागच्या रविवारी ते कोरं कार्ड घेऊन सत्तेचाळीसवर गेलो. सोजरबाई आता तिकडं नसते, तिनं मेंढरं दुसऱ्या शिवारात नेली. जाळीबाहेर बांधावर, जिथून ते बोरीचं झाड दिसायचं तिथं बसलो. झाड आता नाही, पण जागा मला माहीत होती. घड्याळ गुडघ्यावर ठेवलं. ऊन उतरलं, काचा आधी लाल झाल्या आणि मग काळ्या. जाळीच्या कडेकडेनं मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवत राहिलो. पाय आखडले तरी उठलो नाही. एक टिटवी ओरडत गेली, ती आमच्या यादीत नाही. बाकी काही आलं नाही, न आतून न बाहेरून. मांडवात खुर्चीवर बसून लिहिलं होतं ते आता खरं झालं होतं.

तास भरला. मी पेनानं उन्हाळ्याच्या रकान्यात शून्य लिहिलं, तारीख टाकली, सही केली, कार्ड खिशात घातलं आणि बस धरायला डांबरी रस्त्याकडं चालत निघालो.